दयाळूपणा सप्ताह : शपथ आणि घोषवाक्यं सोडून खरंच काय करता येईल? (नागपूर, ८ वी)

आठवी_ब

नमस्कार. शाळा नागपूर शहरातली, मराठी माध्यम, अनुदानित, ५ वी ते १० वी, पट साधारण ७००. माझ्या तुकडीत ६२ मुलं. पूर्णवेळ समुपदेशक नाही. दिवाळीनंतर ‘दयाळूपणा आणि मानसिक आरोग्य सप्ताह’ घ्यायचा आहे. ठरलेला कार्यक्रम असा : परिपाठात शपथ, घोषवाक्य स्पर्धा, एका पाहुण्यांचं व्याख्यान, शेवटी फोटो. तो होईलच. पण नंतरच्या दोन-तीन महिन्यांत वर्गात फरक दिसेल असं काय करावं?

हाताशी वेळ एवढाच : परिपाठातली रोजची ५ मिनिटं आणि आनंददायी शनिवारचा ३५ मिनिटांचा एक तास. वर्गात आडनावांवरून, रंगावरून, बोलण्यावरून चिडवणं आहे. तीन-चार मुलं मधल्या सुट्टीत एकटी बसतात. एखादं मूल खरंच अडचणीत असेल तर वर्गशिक्षकाने किती करायचं आणि कुठे थांबायचं, हेही सांगा.

समुपदेशन_खोली

सप्ताह खुशाल घ्या, पण आधी शाळेत त्रास नेमका कुठे आणि किती वाजता होतो ते शोधा. तास चालू असताना फार काही घडत नाही. घडतं ते तास बदलताना, मधल्या सुट्टीत, स्वच्छतागृहापाशी, सायकल स्टँडवर, व्हॅनची वाट बघताना. थोडक्यात, जिथे मोठं माणूस नसतं तिथे.

शाळेचा साधा नकाशा हाताने काढा आणि झेरॉक्स करून वाटा. नाव लिहायचं नाही, फक्त इयत्ता आणि मुलगा की मुलगी. जिथे जायला नको वाटतं तिथे लाल खूण, शेजारी वेळ. १५ मिनिटांत होतं. मुलींचे कागद वेगळे मोजा, नाहीतर त्यांनी दाखवलेली जागा मुलांच्या खुणांत बुडून जाते. मग मधल्या सुट्टीची ड्युटी त्या खुणांवर लावा : दोन शिक्षक, ठरलेली जागा, मोबाइल खिशात. स्टाफरूमच्या दारात उभं राहून लक्ष ठेवता येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की हा नकाशा बदलतो, कारण सगळी पोरं पाण्याच्या कूलरपाशी आणि सावलीच्या एका पट्ट्यात जमतात. तेव्हा खुणा पुन्हा करून घ्या, कूलरला दोन रांगा लावा आणि ५ वी-६ वीला पाच मिनिटं आधी सोडा.

एकट्या बसणाऱ्या मुलांसाठी : प्रत्येकाला चिठ्ठीवर तीन नावं लिहायला सांगा, ‘विज्ञानाचा प्रकल्प कोणाबरोबर करायला आवडेल?’ एवढाच प्रश्न. ‘कोण आवडत नाही’ हे कधीच विचारायचं नाही. त्या प्रश्नानेच वर्गात नवी यादी तयार होते. ६२ चिठ्ठ्या म्हणजे १८६ नावं, घरी बसून तासाभरात मोजून होतात. ज्यांचं नाव एकदाही आलं नाही ती मुलं बघा. त्यातली काही तुमच्या लक्षात आलेली असतील, पण एखाददुसरं हसतमुख, बडबडं मूलही त्यात निघतं. अशा मुलाला त्याने स्वतः लिहिलेल्या तिघांपैकी एकाशेजारी बसवा. वर्गात सगळ्यांत लोकप्रिय असलेल्याशेजारी नको, तिथे ते आणखी आक्रसतं. बसण्याची जागा बदलायचीच तर सगळ्या वर्गाची बदला, एकट्याची नव्हे. तीन आठवड्यांनी पुन्हा बदल, आठ आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठ्या. हा कागद स्टाफरूममध्ये फिरू देऊ नका.

आता तक्रारपेटी. बहुतेक शाळांत ती मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, कॅमेऱ्याच्या खाली लटकते आणि रिकामी राहते. कारण उघड आहे, चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. उपाय सोपा : शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळेच चिठ्ठी लिहितात आणि सगळेच टाकतात. ज्याला काही सांगायचं नाही त्याने आठवड्यातली एक चांगली गोष्ट लिहायची. मग कोण तक्रार करतंय ते कोणालाच कळत नाही. त्याच दिवशी घरी जायच्या आधी वाचा. सोमवारी उघडणारी पेटी शुक्रवारच्या संकटाला कामाची नाही. आणि चिठ्ठीत आलेलं वाक्य वर्गात वाचून दाखवू नका, अगदी ‘नाव न घेता’ही नको. शब्दांवरून, प्रसंगावरून मुलं सगळं ओळखतात.

शनिवारच्या तासाबद्दल. ‘चांगलं वागा’ हे शिकवता येत नाही, पण बघ्याने काय करायचं हे शिकवता येतं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात ‘किवा’ नावाचा शालेय कार्यक्रम तयार झाला. त्याचा भर त्रास देणाऱ्यापेक्षा आजूबाजूच्या मुलांवर आहे, कारण चिडवणाऱ्याला हवे असतात प्रेक्षक. मुलांना चार गोष्टी सरावाने द्या. हसायचं नाही. त्या मुलाच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. काहीतरी निमित्त काढून त्याला तिथून न्यायचं : ‘चल ना बे, मॅडमनं बोलावलं.’ आणि नंतर एकटं गाठून ‘ठीक आहेस ना?’ विचारायचं. अंगाने दांडग्या मुलाला अडवायला जायचं नाही, हे स्पष्ट सांगा. सरावाचा नाट्यप्रसंग आठ मिनिटांचा ठेवा, उरलेला वेळ बोलण्याला. चिडवणाऱ्याची भूमिका नेहमी शिक्षकाने करायची. वर्गातल्या खऱ्या दादाला ती दिली की त्याची तालीम होते, आणि ज्याला रोज चिडवतात त्याला ‘बळी’ केलं तर तुम्हीच त्याला पुन्हा त्याच जागी उभं केलंत.

गणिताचे_सर

यात एक भर : दर महिन्याला ‘दयाळू विद्यार्थी’ निवडून बॅज द्यावा. तारे, गुण, तक्ता. मुलांना स्पर्धा लागली की झपाट्याने बदल होतो.

समुपदेशन_खोली

@गणिताचे_सर, बदल होतो खरा, पण मुलं तुमच्यासमोर दयाळू होतात. दुसऱ्या महिन्यापासून ‘सर, मी ह्याला पेन दिला, लिहा’ सुरू. आणि बॅज बहुधा शांत, अभ्यासू, आधीच कौतुक होणाऱ्या मुलांकडे जातो. ज्याला वागणं बदलायचंय त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. त्याऐवजी जे पाहिलं ते तसंच, त्या मुलापुरतं सांगा : ‘त्याची वही पडली तेव्हा कोणी हसायच्या आत तू उचलून दिलीस, मी पाहिलं.’ ‘शाब्बास, चांगला मुलगा’ यातून त्याला काहीच कळत नाही.

तसंच ‘सॉरी म्हण, हात मिळव’ हेही थांबवा. दोन बरोबरीच्या मुलांचं भांडण असेल तर दोघांना समोर बसवून मिटवता येतं. एक जण वारंवार आणि दुसऱ्याच्या कमजोरीवर नेम धरून त्रास देत असेल तर ते भांडण नाही. तिथे समोरासमोर बसवलं की त्रास सोसणारा ‘मिटलं’ म्हणतो आणि शाळा सुटल्यावर त्याची किंमत मोजतो. दोघांशी वेगवेगळं बोला, आधी ज्याला त्रास झाला त्याच्याशी.

खडू_फळा_३४वर्षं

मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासावर वरती छान लिहिलंय. थोडं शाळेनेच दिलेल्या त्रासावर लिहितो, कारण चिडवायला लागणारा बराचसा माल मुलांना आपल्याकडूनच मिळतो.

शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘एससी, एसटी, ओबीसीवाले उभे राहा’. फी थकली की नावं वाचणं. चाचणीचे पेपर सर्वाधिक गुणांपासून खालच्या क्रमाने वाटणं. ‘ह्याला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं’ हे वाक्य. वर्गात आडनावांवरून चिडवणं आहे म्हणता, तर आधी हे चार दरवाजे बंद करा. शिष्यवृत्तीची यादी कार्यालयात असतेच. लिपिकाने बंद लिफाफ्यात पालकांसाठी चिठ्ठी द्यावी, लिफाफे सगळ्या वर्गाला जातील असं बघावं, बाकीच्यांच्या लिफाफ्यात शाळेची दुसरी सूचना घालावी. फीचं बोलणं फक्त पालकांशी. पेपर हजेरी क्रमांकाने, उपडे. हजेरी पहिल्या नावाने घ्या. याला एक रुपया लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, हे पहिल्या शिक्षक सभेत वाचून दाखवा. कुरकुर होईल, होऊ द्या.

दुसरं, चाचण्यांचा ढीग. आठवीपासून फाउंडेशन बॅच (क्लासमधली जेईई-नीटची आगाऊ तयारी) लागलेली पोरं पहाटे उठून शाळा, मग क्लास, मग दोघांचा गृहपाठ करतात. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. स्टाफरूममध्ये महिन्याचं कॅलेंडर टांगा. ज्या तुकडीच्या ज्या दिवशी एका विषयाने चाचणी लिहिली त्या दिवशी दुसऱ्याने घ्यायची नाही. पहिलं येईल त्याचा दिवस. विषय शिक्षकांत आठवडाभर तणातणी होते, मग बसतं.

कागदोपत्री बाजू. २५ जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात (सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश) शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा बाल-किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला सामाजिक कार्यकर्ता. कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी औपचारिक जोडणी. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइन क्रमांक वर्गात आणि सर्वांना दिसेल अशा जागी मोठ्या अक्षरात. गुणांवरून तुकड्या पाडणं टाळायचं. तुमचा पट ७००, म्हणजे हा मुद्दा शाळा व्यवस्थापन समितीच्या विषयपत्रिकेवर लेखी घाला. ताबडतोब पूर्णवेळ माणूस मिळाला नाही तर दोन-तीन शाळांनी मिळून एक जण घ्यावा, पण प्रत्येक शाळेचा वार पक्का. ‘गरज लागली की बोलावू’ या व्यवस्थेत गरज कोणीच सांगत नाही.

सखी सावित्री समितीच्या (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) बैठका नुसत्या वहीत होत असतील तर तिलाच वरच्या नकाशाचं आणि शुक्रवारच्या चिठ्ठ्यांचं काम द्या. व्हॅनवाले, ऑटोवाले आणि शिपाई मावशी यांना शिक्षकांच्या प्रशिक्षणात बसवा. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर काय चालतं ते चालकाला माहीत असतं, त्याला फक्त कोणी विचारत नाही.

मनोसामाजिक

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते : मूल अडचणीत आहे हे कसं ओळखायचं आणि वर्गशिक्षकाने कुठे थांबायचं.

आजार ओळखणं तुमचं काम नाही, बदल ओळखणं आहे. तो मुलगा आधी कसा होता आणि आता कसा आहे, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलंय का? हजेरीपटात बघा : दर सोमवारी गैरहजर, खेळाच्या तासाच्या दिवशीच पोटदुखी, एका ठरावीक विषयाआधी डोकेदुखी. अक्षर बिघडणं, डबा तसाच परत जाणं, आवडती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणं. भर एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्या ही स्वतःला इजा करून घेत असल्याची खूण सांगतात, पण आपल्या शहरात ऊन लागू नये म्हणून निम्म्या मुली स्कार्फ आणि हातमोजे घालून फिरतात. तेव्हा एका खुणेवरून काहीच ठरवू नका. वर्गातही बाह्या खाली आणि बाकीचे बदलही दिसत असतील, तर बोला.

बोलायचं कसं : एकांतात, पण दार उघडं आणि दुसरी शिक्षिका दिसेल अशा अंतरावर. जे पाहिलं तिथून सुरुवात. ‘दोन आठवड्यांपासून तू डबा खात नाहीस, मला काळजी वाटली.’ ‘काय प्रॉब्लेम आहे तुझा?’ नको. मग गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता शिक्षकांना असह्य होते आणि ते उपदेश सुरू करतात, तिथेच बोलणं संपतं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. म्हणा, ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल, पण कोणाला आणि कसं ते आधी तुला सांगेन.’

‘जगावंसं वाटत नाही’ अशा अर्थाचं काही आलं तर सरळ विचारा : ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उलट कोणीतरी विचारलं याने हायसंच वाटतं. उत्तर हो असेल तर त्या क्षणापासून मूल एकटं नको, अगदी स्वच्छतागृहापर्यंतही. मुख्याध्यापकांना दुसऱ्या माणसाकरवी कळवा, पालकांना शाळेत बोलावून घ्या. मुलाला एकटं किंवा व्हॅनने घरी पाठवायचं नाही. पालकांना स्पष्ट सांगा की औषधं, उंदराचं औषध, शेतीचं कीटकनाशक घरातून हलवा. ‘कुलूप लावा’ एवढ्याने भागत नाही, किल्ली मुलाला माहीत असते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि शिक्षकांनीही काय करावं हे विचारायला लावला तरी चालतो. संकटातल्या बालकासाठी १०९८. मुलाने काही खाल्लं किंवा प्यायलं असेल तर हेल्पलाइनवर वेळ घालवू नका. तो बरा दिसत असला तरी १०८ किंवा जी गाडी मिळेल तिने सरळ दवाखान्यात, डबी किंवा पाकीट सोबत घेऊन. ओकारी काढायला मीठ-पाणी पाजू नका.

बोलण्यात लैंगिक अत्याचार आला तर तुमचं ऐकणं तिथेच पुरे. खोदून प्रश्न नकोत, मुलाला तीच गोष्ट चार शिक्षकांसमोर सांगायला लावू नका, आरोप असलेल्याला बोलावून ‘खरं की खोटं’ करू नका. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी शाळेची चौकशी समिती’ हा मार्ग कायद्यात नाही.

आठवी_ब

खूप उपयोगी. दोन अडचणी. पालक म्हणतात, ‘माझं पोरगं पागल आहे का?’ आणि दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातात. दुसरं, वर्गाच्या नावाने इन्स्टाग्रामवर कोणीतरी खोटं खातं काढून मुलींच्या फोटोंवर घाण लिहितंय.

मनोसामाजिक

पहिल्याबद्दल. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय ज्या चौकात आहे त्याला अर्धं शहर ‘पागलखाना चौक’च म्हणतं, तेव्हा पालक दचकणारच. सुरुवात तिथून करायची गरज नाही. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये मानसोपचाराची ओपीडी इतर ओपीडींसारखीच चालते. त्याआधी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा. झोप, भूक, डोकेदुखी या तक्रारी घेऊन पालक निमूट जातात, आणि थायरॉइड, रक्तक्षय, चष्मा यातलं काही असेल तर तेही निघतं. शहराबाहेरच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिक विचारा.

पालकांशी बोलताना ‘नैराश्य’, ‘डिप्रेशन’ हे शब्द तुम्ही वापरायचे नाहीत, ते डॉक्टरांचं काम. तुम्ही तीन तारखा आणि तीन निरीक्षणं ठेवा. ‘३ तारखेपासून डबा परत, १० आणि १७ ला शेवटच्या बाकावर डोकं ठेवून झोपला.’ निरीक्षणाशी वाद घालता येत नाही. आई-वडील दोघांना बोलवा. एकट्या आईला सांगितलं की घरी जाऊन तिलाच बोलणी बसतात. पोलीस केसची भीती असते, तर सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा नसते. या भीतीपोटी पालक दवाखान्यात ‘चुकून प्यायला’ सांगतात आणि पुढचे उपचार राहून जातात.

संगणक_कक्ष

खोट्या खात्याबद्दल. आधी तक्रार करून खातं बंद पाडायची घाई करू नका, पुरावा जातो. खात्याचं वापरकर्ता नाव अक्षर न चुकवता लिहून घ्या (दाखवायचं नाव नव्हे, ते बदलतं), प्रोफाइलची लिंक, पोस्टची लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. मग इन्स्टाग्रामवर तोतयेगिरीची तक्रार, ती जिच्या फोटोचा वापर झाला तिच्या किंवा तिच्या पालकांच्या खात्यातून. आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वेगळी. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, इथे पोर्टल किंवा जवळचं पोलीस ठाणं.

एक मोठा अपवाद : फोटो अश्लील असेल, मूळ असो की बनवलेला, तर स्क्रीनशॉट काढू नका, ‘पुरावा म्हणून’ मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका. अल्पवयीन मुलीचं तसं चित्र साठवणं आणि पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. फक्त लिंक आणि नाव लिहा, आणि पोलिसांकडे जा.

वर्गात ‘कोणी केलं ते उभं राहा’ करू नका, आणि सगळ्यांचे मोबाइल गोळा करून तपासूही नका. संशयाने एखाद्याचं नाव बाहेर पडलं तर नवा बळी तयार होतो. ज्या मुलींचे फोटो आहेत त्यांना मात्र त्याच दिवशी एकेक करून बोलवा. पहिलं वाक्य ‘फोटो टाकलाच कशाला?’ हे नसावं.

खडू_फळा_३४वर्षं

आणि करणारा सापडला, तो वर्गातलाच निघाला, तर त्याला लगेच दाखला हातात देऊ नका. तो दुसऱ्या शाळेत तेच करेल. पालकांना बोलावून लेखी नोंद, फोटो काढून टाकल्याची खात्री, समुपदेशकाकडे ठरलेल्या चार-सहा बैठका, मधल्या सुट्टीत काही आठवडे नजरेखालचं काम. कारवाईची माहिती त्रास झालेल्या मुलीच्या घरी कळवा. बहुतेक शाळा हे विसरतात आणि मुलीला वाटतं काहीच झालं नाही.

आठवी_ब

शेवटचं एक. एक मूल तीन आठवड्यांच्या गैरहजेरीनंतर परत येणार आहे, आणि गैरहजेरीचं कारण वर्गात अर्धंमुर्धं पसरलंय. पहिल्या दिवशी काय करायचं?

समुपदेशन_खोली

आदल्या दिवशी त्यालाच विचारा की वर्गाला काय सांगायचं, आणि तेवढंच सांगा. ‘आजारी होता’ म्हणायचं असेल तर तेच. टाळ्या, स्वागताचा फळा, ‘सगळ्यांनी त्याच्याशी नीट वागा’ ही सूचना, काहीही नको. परिपाठाच्या गर्दीत न आणता दुसऱ्या तासाला वर्गात येऊ दे. चिठ्ठीत त्याने ज्याचं नाव लिहिलं होतं तो शेजारी, बाक दाराजवळचा, आणि बाहेर जावंसं वाटलं तर दाखवायला एक कार्ड, न विचारता उठता येईल असं. सगळ्या विषय शिक्षकांना त्या कार्डाबद्दल आधी सांगा, नाहीतर पहिल्याच तासाला कोणीतरी ‘कुठे चाललास?’ म्हणून ओरडेल. बुडलेल्या अभ्यासाची यादी पहिल्या आठवड्यात देऊ नका. नंतर द्याल तेव्हा जे सोडून दिलं तरी चालेल ते आधी खोडून द्या.